जुनं मराठी पुस्तक इंटरनेटवर टाकायचंय? कॉपीराइट कायदा नेमका कुठे अडतो

नागपुरात सीताबर्डी, महाल किंवा धंतोलीतल्या एखाद्या जुन्या वाचनालयात शेवटच्या रॅकपर्यंत गेलात, तर एक पुस्तक हमखास हाती लागतं. पुठ्ठा सुटलेला. पानं तपकिरी पडलेली, कोपरा दुमडला तर तुकडाच हातात येतो. शीर्षकपानाच्या मागे छापलेलं असतं: प्रथमावृत्ती शके १८८०, मूल्य तीन रुपये, मुद्रकाचं नाव-पत्ता, आणि त्याखाली एक ओळ, ‘सर्व हक्क सौ. अमुक यांचे स्वाधीन’. लेखक जाऊन तीसेक वर्षं झाली. प्रकाशकाच्या दुकानाच्या जागी आता मोबाइल रिपेअरिंग चालतं. सौ. अमुकही आज असण्याची शक्यता कमीच. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही आणि निघणारही नाही.

स्कॅनर असलं दोनशे पानांचं पुस्तक एका दुपारी उरकतो. अडचण त्यानंतर येते. ती पीडीएफ वेबसाइटवर टाकायची तर परवानगी हवी, आणि परवानगी द्यायला समोर कुणीच नाही.

डिजिटल काळातला कॉपीराइट म्हटलं की चर्चा सिनेमे, गाणी आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफभोवतीच घुटमळते. चोरी होते, ती थांबायला हवी, यात वाद नाही. पण मराठीपुरतं बोलायचं तर आमच्या मते मोठं नुकसान या शेवटच्या रॅकवर होतंय. तिथल्या पुस्तकांना चोरसुद्धा हात लावत नाही, आणि ज्याला ती जगवायची आहेत त्याचा हात कायदा धरतो.

कायद्याच्या डोक्यात अजून छापखाना आहे

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. लागू झाला २१ जानेवारी १९५८ पासून. तेव्हा प्रत काढणं हा उद्योग होता. खिळे जुळवा, प्रूफं तपासा, फर्मे यंत्रावर चढवा, कागदाची रिमं आणा. एवढा खटाटोप करणारा माणूस धंद्यासाठीच करणार, म्हणून ‘प्रत काढण्याआधी मालकाला विचारा’ हा नियम सोपाही होता आणि रास्तही. आज फोनवर एक कविता उघडली तरी तिची एक प्रत फोनच्या मेमरीत तयार होते आणि वाटेतल्या सर्व्हरवर आणखी एखादी. छापील पुस्तक वाचताना कॉपीराइटचा संबंध येत नव्हता. पडद्यावर वाचताना प्रत्येक वाचन ही तांत्रिक अर्थाने एक नक्कल आहे.

२१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अशा क्षणिक प्रतींना सूट दिली. त्याच दुरुस्तीने डिजिटल कुलूप फोडणं हा गुन्हा ठरवला (कलम ६५-अ, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड), गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा वाटा दिला की तो त्यांना लिहून देऊनही गमावता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकांसाठी सुलभ प्रती काढायला मोकळीक दिली. हे चांगलंच झालं. पण जिथे मालक सापडत नाही, जिथे पुस्तक विक्रीतच नाही, तिथे सांगाडा जुनाच राहिला.

सगळ्या सवलती एकाच कलमात आहेत: कलम ५२. स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, चालू घडामोडींच्या बातमीसाठी ‘उचित वापर’ करता येतो. उचित म्हणजे किती, याची टक्केवारी कायद्यात कुठेही दिलेली नाही. ‘दहा टक्के पानं चालतात’, ‘तीस सेकंद गाणं चालतं’ ही ऐकीव माहिती आहे. आणि आपल्याकडचा सर्वांत लाडका गैरसमज म्हणजे ‘साभार’. नाव दिलं की परवानगी मिळाली, असं होत नाही. नाव देणं हे वेगळंच कर्तव्य आहे (कलम ५७), ते परवानगी असली तरी पाळायचं असतं. सुरेश भटांचा शेर त्यांच्या नावाशिवाय फॉरवर्ड करणारे या दोन्ही बाजूंनी चुकतात.

याच कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांनाही सूट आहे. बँडवाल्यांना हे ठाऊक नसतं, आणि पैसे मागायला येणाऱ्यांना ते सांगायचं नसतं.

वर्षांचं गणित: मृत्यूचं साल अधिक ६१

लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षं हक्क टिकतो. तोंडी हिशेब सोपा: मृत्यूच्या सालात ६१ मिळवा, त्या सालच्या १ जानेवारीला पुस्तक सगळ्यांचं होतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०२९ ला मुक्त होईल. ‘तरुण भारत’चे संपादक राहिलेले ग. त्र्यं. माडखोलकर १९७६ मध्ये गेले: २०३७. सुरेश भट २००३: २०६४. कवी ग्रेस २०१२: २०७३. ग्रेस हे टोपणनाव असलं तरी माणूस सगळ्यांना माहीत होता, म्हणून गणित आयुष्यावरच चालतं. लेखक खरोखरच अज्ञात असेल तर प्रकाशनाच्या सालापासून ६० वर्षं मोजतात.

हे ६० सुद्धा मूळचे ५० होते. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, १९९१ च्या अखेरीस त्यांचं साहित्य मुक्त होणार होतं. ऐन वेळी मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. एका लेखकासाठी केलेल्या या वाढीने त्या घडीला हक्क शाबूत असलेले सगळेच लेखक आणखी दहा वर्षं कुलपात राहिले. कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार फक्त ५० वर्षांची सक्ती करतो, तेव्हा अमेरिका-युरोपासारखी ७० वर्षांची मागणी पुढे आली तर ती ठामपणे नाकारायला हवी.

सूत्र सोपं, पण लावताना घसरायला होतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दीक्षाभूमीवर मिळतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात, आणि एकाच टेबलावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तीन पुस्तकं शेजारी-शेजारी असली तरी तिघांचं उत्तर वेगळं निघतं. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. त्यांच्या हयातीत छापलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहेत, कुणीही छापू शकतो. ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ मात्र त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनाच्या सालापासून मोजतात, म्हणून तो १ जानेवारी २०१८ ला मुक्त झाला. आणि हस्तलिखितात राहिलेलं जे लेखन महाराष्ट्र शासनाच्या खंडांतून १९८७ मध्ये पहिल्यांदा छापून आलं, त्याची मुदत याच हिशेबाने २०४७ च्या अखेरपर्यंत जाते. त्यात मराठी अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क स्वतंत्र. मूळ ग्रंथ मुक्त झाला म्हणून अनुवाद मुक्त होत नाही. अनुवादकाच्या मृत्यूचं साल वेगळं शोधावं लागतं.

मुखपृष्ठाचंही तसंच. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांचं चित्र असलेल्या पुस्तकाचा मजकूर मुक्त असला तरी चित्र २०३२ पर्यंत नाही. म्हणून जाणकार लोक स्कॅन करताना मुखपृष्ठाची फाइल वेगळी ठेवतात.

आता परत शके १८८० च्या पुस्तकाकडे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारी ते मार्च महिन्यांसाठी ७९), म्हणजे पुस्तक १९५८-५९ चं. पण या सालाचा मुदतीशी काही संबंध नाही, लेखक कधी गेला ते महत्त्वाचं. ‘सर्व हक्क सौ. अमुक’ या ओळीमुळे पुष्कळ जण बाईंच्या मृत्यूपासून मोजायला लागतात. तेही चूक. मालकी कुणाकडेही जावो, घड्याळ लेखकाच्याच आयुष्याला बांधलेलं असतं. बाईंच्या नावाचा उपयोग एवढाच, की परवानगी कुणाच्या वारसांकडे मागायची हे कळतं.

सगळ्यात अवघड प्रकरण दिवाळी अंकांचं. १९६५ चा एक अंक घ्या. त्यात दहा कथा, पंधरा कविता, सहा लेख, दोन परिसंवाद, आठ व्यंगचित्रं. बाहेरच्या लेखकांनी पाठवलेल्या मजकुराचा हक्क, वेगळं काही लिहून दिलेलं नसेल तर, त्या-त्या लेखकाकडेच राहतो. संपादकाकडे अंकाच्या जुळणीचा हक्क. म्हणजे एका अंकाच्या पीडीएफसाठी चाळीस मृत्युदिनांक आणि चाळीस घराणी. यातली तीन मुक्त, वीस बंद, आणि उरलेल्यांचा पत्ताच नाही, अशी स्थिती असली तर अंक पूर्ण टाकता येत नाही. अर्धा टाकला तर तो अंक राहत नाही.

वाचनालयाला आज किती मोकळीक आहे

कायद्यात वाचनालयांसाठी तीन सवलती आहेत, त्यातल्या पहिल्या दोन ‘अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालया’साठी. पहिली: छापील प्रत आधीपासून संग्रहात असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवता येते. दुसरी: पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल तर ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. पानं गळणाऱ्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून बांधून ठेवता येतात त्या याच आधारावर. तिसरी: संग्रहातली अप्रकाशित हस्तलिखितं संशोधनासाठी किंवा प्रकाशनासाठी उतरवून घेता येतात, पण लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षं उलटल्यावरच.

पहिली सवलत नीट वाचा. साठवता येते, जतनासाठी. ती वाचकाला दाखवता येते असं तिथे लिहिलेलं नाही. वाचनालयाने ३०० डीपीआयवर स्कॅन केलं, दोन हार्ड डिस्कवर ठेवलं, सगळं कायदेशीर. मग संशोधन करणारी विद्यार्थिनी आली आणि तिला ती फाइल टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उघडून दिली, तर? उत्तर स्पष्ट नाही. कोसळायला आलेली मूळ प्रत तिच्या हातात देणं मात्र पूर्ण कायदेशीर आहे. जतनासाठी केलेल्या तरतुदीने मूळ पुस्तकच जास्त हाताळलं जावं, हा विनोद कायदेमंडळाला अभिप्रेत नसावा.

आणि वेबसाइटवर टाकणं म्हणजे ‘जनतेपर्यंत पोहोचवणं’. त्यासाठी कलम ५२ मध्ये ग्रंथालयाला काहीच जागा नाही. तिथे वाट उरते फक्त कलम ३१-अ ची.

मालक सापडत नाही तेव्हा

कलम ३१-अ म्हणतं: लेखक हयात नसेल, अज्ञात असेल, किंवा हक्काचा मालक शोधूनही सापडत नसेल, आणि कृती लोकांना मिळेनाशी झाली असेल, तर कुणीही ती प्रसिद्ध करण्याच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो. वाचायला हे छान आहे. आता पायऱ्या बघा.

अर्जाआधी एका दैनिकात आपला इरादा जाहीर करावा लागतो. दैनिक इंग्रजी हवं, आणि देशाच्या मोठ्या भागात खप असलेलं हवं. मराठी दैनिकात जाहिरात द्यायची सक्ती केव्हा, तर मराठी अनुवादासाठी अर्ज असेल तेव्हाच. म्हणजे मुळात मराठीत लिहिलेल्या पुस्तकाच्या वारसांना शोधायला जाहिरात इंग्रजीत. लेखकाची नात वर्ध्याला किंवा अमरावतीला असेल आणि सकाळी मराठी पेपर वाचत असेल, तर ती जाहिरात तिच्या डोळ्यांसमोर येण्याची शक्यता किती? शोध घेण्याचा नियमच अशा जागी शोधायला लावतो जिथे माणूस नाही.

मग जाहिरातीचं कात्रण आणि फी जोडून अर्ज. पूर्वी तो कॉपीराइट मंडळाकडे जायचा. ते मंडळ २०१७ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळात विलीन झालं, ते मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झालं, आणि आता काम आहे व्यावसायिक न्यायालयाकडे. म्हणजे वकील, तारखा, शपथपत्रं. न्यायालयाला पटलं तर ते रॉयल्टी ठरवतं, ती रक्कम आधी जमा करायची, पुढे वारस आले तर त्यांना मिळते. त्यानंतर परवाना. एका पुस्तकाचा.

वाचनालयात अशी चारशे पुस्तकं असतील तर हिशेब करायचीही गरज नाही. कुणी अर्ज करत नाही. काही जण गुपचूप अपलोड करतात, बाकीचे वाळवीकडे सोपवतात.

दुसरीकडे हे कसं सोडवलं

नॉर्वेची लोकसंख्या साधारण ५५ लाख. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने लेखक-प्रकाशकांच्या सामूहिक संस्थेशी एकच करार केला: २००० सालापर्यंत छापलेली पुस्तकं स्कॅन करून देशातल्या वाचकांना इंटरनेटवर खुली करायची, ग्रंथालयाने त्या संस्थेला पानांच्या हिशेबाने पैसे द्यायचे, ज्या लेखकाला किंवा प्रकाशकाला नको असेल त्याने कळवून पुस्तक काढून घ्यायचं. करार संस्थेचे सदस्य नसलेल्यांनाही लागू होतो, हीच त्यातली मेख. एकेका वारसाचं दार ठोठवावं लागत नाही.

युरोपीय संघाने दोन टप्पे घेतले. २०१२ च्या निर्देशाने ग्रंथालयांना सांगितलं की ठरवून दिलेल्या ठिकाणी मालकाचा प्रामाणिक शोध घ्या, त्याची नोंद सार्वजनिक यादीत करा, मग विनानफा तत्त्वावर इंटरनेटवर टाका. मालक पुढे आला तर मोबदला द्या. हे जड पडलं, कारण प्रत्येक पुस्तकाचा शोध स्वतंत्र घ्यावा लागतो. म्हणून २०१९ मध्ये दुसरी वाट काढली: पुस्तक बाजारात मिळत नाही एवढं पुरे. सार्वजनिक पोर्टलवर सहा महिने आधी सूचना द्यायची, कुणी हरकत घेतली नाही तर पुढे जायचं.

आपल्याकडे करायचं ते याच्याच मधलं. आमची मांडणी अशी: पुस्तक १५ वर्षं बाजारात नाही आणि लेखकाच्या मृत्यूचं साल कळत नाही किंवा वारस सापडत नाहीत, असं ग्रंथालयाने ठरावीक नमुन्यात जाहीर करावं. कॉपीराइट निबंधकाच्या वेबसाइटवर पुस्तकाच्या भाषेत नोंद व्हावी, आणि त्याच भाषेतल्या दैनिकाच्या एका जिल्हा-आवृत्तीत जाहिरात. सहा महिन्यांत हरकत नाही, तर विनामूल्य वाचनासाठी पुस्तक खुलं. न्यायालय फक्त वाद झाला तरच. वारस केव्हाही आले तरी त्यांना पुस्तक काढून घेता यावं, पण तोपर्यंत नियम पाळून ते दाखवणाऱ्या ग्रंथपालावर फौजदारी होऊ नये. ही शेवटची अट नुसती सावधगिरी नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. नफा नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण ते खटल्याच्या शेवटी. हजारो बनावट प्रती विकणारा आणि मोडका दिवाळी अंक अपलोड करणारा पोलीस ठाण्यात एकाच कलमाखाली उभे राहतात.

वर्ग, क्लासेस आणि काढून टाकलेले व्हिडिओ

शिक्षकाला शिकवताना कुठलंही साहित्य छापून वाटता येतं, दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याचा व्यापक अर्थ लावला. पण कलम ५२ मधला शब्द ‘प्रत काढणं’ असा आहे, ‘जनतेपर्यंत पोहोचवणं’ नाही. त्यामुळे वर्गातल्या चाळीस मुलांना कवितेची झेरॉक्स देणं सुरक्षित, तीच कविता पडद्यावर दाखवून केलेला तास यूट्यूबवर सर्वांसाठी खुला ठेवणं धोक्याचं. दुरुस्ती छोटी आहे: नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांपुरतं ऑनलाइन दाखवणंही त्या कलमात यावं. क्लासेसनी सगळं जग विद्यार्थी मानू नये, हेही त्यातच येईल.

तक्रारीचं प्रकरण वेगळं. कुणी तुमचा मजकूर उचलला तर २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे प्लॅटफॉर्मकडे लेखी तक्रार करता येते. त्यात कृतीचं वर्णन, मालकीचा पुरावा, नेमकी लिंक, हा वापर कलम ५२ च्या सवलतीत का बसत नाही याचं कारण, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणू अशी हमी, हे सगळं लागतं. प्लॅटफॉर्मने ३६ तासांत मजकूर काढायचा, २१ दिवसांत आदेश आला नाही तर तो परत ठेवता येतो. लोक चुकतात ते लिंकवर. ‘अमुक चॅनलवर माझी कविता आहे’ एवढं लिहून भागत नाही, प्रत्येक व्हिडिओची स्वतंत्र लिंक द्यावी लागते.

दुसरी बाजू जास्त दुबळी आहे. ज्याचा मजकूर काढला गेला त्याने आपलं म्हणणं कुठे मांडायचं, ही पायरी या नियमात नाही. १८९० च्या पोथीचं वाचन करणाऱ्याचा व्हिडिओ एखाद्या कंपनीच्या रेकॉर्डिंगशी यंत्राला सारखा वाटला म्हणून गेला, तर त्याच्यापाशी प्लॅटफॉर्मचा स्वतःचा फॉर्म आणि नशीब एवढंच. कलम ६० खाली निराधार धमकीविरुद्ध दावा लावता येतो, पण तो दिवाणी दावा. नियमात उलट-उत्तराची सात दिवसांची संधी आणि खोट्या तक्रारीला दंड, एवढं घातलं तरी पुष्कळ फरक पडेल.

करारातल्या रिकाम्या जागा

मराठी लेखक-प्रकाशकांचे जुने करार अर्ध्या पानाचे, कधी कधी तर पोस्टकार्डावरचे. कायदा अशा रिकाम्या जागा स्वतः भरतो. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, आणि करारात वेगळं काही नसेल, तर हस्तांतरण संपतं. २०१२ पासून कलम १८ आणखी एक सांगतं: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारात नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत. ई-बुक आणि ऑडिओबुकच्या भांडणात हीच ओळ कामाला येते. जुन्या करारांना ती कितपत लागते यावर वाद घालता येतो, म्हणून दोन्ही पक्षांनी आधी मूळ कागद बाहेर काढावा.

नोंदणीबद्दल लोक उगाच धास्तावतात. हक्क लिहिल्या क्षणी निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. ५०० रुपये भरून साहित्यकृतीची नोंदणी केली, हरकतींसाठीचे ३० दिवस गेले, की पुराव्याचा एक कागद हाती येतो. वारसांसाठी तो सोन्यासारखा, कारण नाव आणि पत्ता कुठेतरी नोंदलेला राहतो.

आणि आता यंत्रं वाचू लागली आहेत

एआयची भाषा-मॉडेलं शिकवायला प्रचंड मजकूर लागतो, आणि शिकवताना त्याची प्रत काढावी लागते. या कामासाठी कलम ५२ मध्ये स्वतंत्र सवलत नाही. ‘वैयक्तिक वापर आणि संशोधन’ या शब्दांत एखादी कंपनी बसते का, हा प्रश्न एएनआय वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नेला. केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाने नेमलेल्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये एक मसुदा मांडला: कायदेशीरपणे मिळवलेला मजकूर कंपन्यांनी एकेकाची परवानगी न घेता वापरावा, लेखकाला नकार देता येणार नाही, त्याबदल्यात कंपन्यांनी रॉयल्टी द्यावी आणि एका मध्यवर्ती संस्थेने ती वाटावी.

नकार देता न येणं आम्हाला खटकतं. पण समजा हे जसंच्या तसं झालं. पैसे जमा झाले, यादी निघाली, त्यात मराठीचा रकाना आला. वाटणी कुणाला? ज्या प्रकाशकांकडे आज संगणकीकृत याद्या आहेत त्यांना मिळेल. शके १८८० च्या पुस्तकाच्या लेखकाच्या नातीचं नाव कुठल्याच यादीत नाही. पुस्तक खुलं करायला मालक सापडत नाही आणि पैसे द्यायलाही सापडत नाही. दोन्ही ठिकाणी अडतं ते शीर्षकपानाच्या मागच्या त्या एका ओळीवर.

तोवर वाचनालयाने करायचं काम

कायदा बदलायला वर्षं लागतील. नोंदवही आजच सुरू करता येते. प्रत्येक जुन्या पुस्तकामागे एक ओळ: लेखकाचं पूर्ण नाव, मृत्यूचं साल आणि ते कुठून कळलं, अनुवादक, चित्रकार, हक्काची छापील ओळ जशीच्या तशी, प्रकाशनाचं साल (शक असेल तर दोन्ही), शेवटची आवृत्ती, आणि मुक्त होण्याचं साल. मृत्यूचं साल सापडत नसेल तर जुन्या वर्तमानपत्रांतले मृत्युलेख, साहित्य संस्थांच्या सदस्यनोंदी, गौरवग्रंथांच्या प्रस्तावना बघाव्यात. नुसतं ‘सापडलं नाही’ लिहू नये. कुठे शोधलं आणि कोणत्या तारखेला, हे लिहावं. पुढे ३१-अ चा अर्ज असो की नवा कायदा, ‘प्रामाणिक शोध’ दाखवायला हाच कागद लागेल.

जी पुस्तकं मुक्त आहेत ती आधी स्कॅन करून विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या मुक्त ग्रंथसंग्रहावर) द्यावीत, तिथे त्यांचं टंकलेखनही होतं. जिथे वारस सापडतात तिथे पत्र पाठवावं आणि परवानगी लेखीच घ्यावी. व्हॉट्सॲपवरचा अंगठा पुरत नाही. पत्रात पुस्तकाचं नाव, आवृत्ती, ‘इंटरनेटवर विनामूल्य वाचनासाठी उपलब्ध करून देण्यास’ हे शब्द, कायमचं की ठरावीक वर्षांसाठी, छपाईचा हक्क वारसांकडेच राहतो ही ओळ, आणि तारीख. वारस तीन भाऊ आणि एक बहीण असतील तर चौघांच्याही सह्या घ्याव्यात. बहुतेक वेळा राहून जाते ती बहिणीची.